नावांचा इजारा

खेळाची गोष्ट आहे, म्हणून फराळाच्या दिवसांत खपून जाईल, अशा भरवशावर मी हा विषय घेतला आहे. एरवी दिवाळी अंकातील समीक्षा घरातल्या वडीलधाऱ्यांनी चाळायची आणि मुलांनी पाने उलटून व्यंगचित्रांकडे वळायचे, असा शिरस्ता आहे. या खेपेस मुलांनीच ती आधी वाचावी आणि वडिलांना काही अडले तर समजावून सांगावे. कारण ज्या कलाकृतींविषयी मी लिहिणार आहे, त्या पुस्तकांच्या कपाटात नसतात. टीव्हीखालच्या काळ्या पेटीत असतात. त्यांना आपण व्हिडिओ गेम म्हणतो, आणि गेम म्हटला की समीक्षकाने तिकडे फिरकू नये, असे एक सोवळे आपल्याकडे आहे.

मला ते सोवळे मान्य नाही. भरतमुनींनी नाट्याला लोकांच्या वर्तनाचे अनुकरण म्हटले. मैदानावर बावीस माणसे धावतात, धडकतात, चुकतात, थकतात. त्या सगळ्याचे अनुकरण पडद्यावर असे उभे करायचे, की समोर बसलेल्याला आपणच धावत आहोत असे वाटावे, हे काम नाटककाराच्या कामाहून फार वेगळे नाही. त्यात लय लागते, निवड लागते, काय दाखवायचे आणि काय वगळायचे याचा विवेक लागतो. चांगला गेम आणि सुमार गेम यांतला फरक चांगल्या आणि सुमार कादंबरीतल्या फरकाइतकाच खरा असतो. आणि या कलेच्या इतिहासात डिसेंबर २००४ मध्ये एक अशी गोष्ट घडली, की जी साहित्यात घडली असती तर आपण रस्त्यावर उतरलो असतो. एका अख्ख्या विषयाचा इजारा एकाच कंपनीला दिला गेला.

म्हणजे काय झाले, ते समजण्यासाठी कर्णाचे उदाहरण घेऊ. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली आली आणि रणजित देसाईंची ‘राधेय’ १९७३ साली. कर्ण तोच, कुंती तीच, रुतलेले चाक तेच. तरी दोन्ही कर्ण निरनिराळे, आणि त्यांतला कुणाचा अधिक खरा यावरून मराठी घरांतून जेवणे थंड होईपर्यंत वाद झालेले आहेत. आता अशी कल्पना करा, की व्यासांचे कुणी वारस निघाले असते आणि त्यांनी कर्ण, कुंती, हस्तिनापूर ही सारी नावे पाच वर्षांच्या बोलीने एकाच प्रकाशकाला लावून दिली असती. मग दुसऱ्या लेखकाने काय करायचे? ‘वर्ण’ नावाच्या कुणा सारथिपुत्राची कथा लिहायची? त्याने ती कितीही जीव ओतून लिहिली असती, तरी वाचकाने ती कर्णाची म्हणून हाती घेतली नसती. आणि एकाच कर्णाशी राहिलेल्या वाचकाला तो कर्ण चांगला उतरला आहे की नाही, हे ताडून पाहायला दुसरे काही उरले नसते.

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, त्याच्या बाबतीत हे अक्षरशः घडले. तो आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, बहुतेक वेळ हातात. प्रत्येक चढाईआधी घोळका करून बेत ठरवायचा आणि मग सेकंदा-दोन सेकंदांत तो बेत मोडताना पाहायचा. आपल्या कबड्डीतील पकड आणि बुद्धिबळातील व्यूह एकत्र कालवल्यासारखा हा खेळ आहे. त्या खेळाची सर्वांत मोठी संघटना म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजेच एनएफएल. तिचे बत्तीस क्लब.

या खेळाला पडद्यावर आणण्याच्या खटपटीत सुरुवातीला एका नावाचीच कथा आहे, आणि ती मला मोठी लोभस वाटते. ट्रिप हॉकिन्स यांनी १९८२ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’ ही कंपनी काढली. त्यांनी जॉन मॅडन यांना गाठले. मॅडन हे ओकलंड रेडर्स संघाचे नावाजलेले प्रशिक्षक. जानेवारी १९७७ चा सुपर बोल त्यांनी जिंकलेला, आणि पुढे टीव्हीवरील समालोचक म्हणून घरोघरी पोचलेले. त्या काळच्या संगणकाची कुवत एका बाजूला सहा-सात खेळाडू हलविण्याएवढीच. कंपनीला तेवढ्यावर भागवायचे होते. मॅडन अडून बसले : खऱ्या खेळात अकरा असतात, तर इथेही अकराच पाहिजेत, नाही तर माझे नाव मिळणार नाही. त्या हट्टापायी काम वर्षानुवर्षे रखडले, आणि १९८८ मध्ये ‘ॲपल टू’ या संगणकावर अकरा विरुद्ध अकराचा गेम आला. त्या वेळी त्यावर लीगचे नाव नव्हते. संघांची अधिकृत नावे १९९३ पासून आली, खेळाडूंची त्यानंतर.

या माणसाने आपले नाव कशाच्या बदल्यात दिले, ते पाहण्यासारखे आहे. पैसा त्याला मिळालाच असेल, पण आधी त्याने अट घातली ती सत्याची. नाव हे तिथे एक जामीन होते. २००४ मध्ये नावाचे जे झाले, ते याच्या नेमके उलटे.

मधली पंधरा वर्षे थोडक्यात सांगतो. मॅडनचा गेम दरवर्षी निघू लागला. १९९९ मध्ये सेगा या जपानी कंपनीने ‘ड्रीमकास्ट’ नावाचे यंत्र अमेरिकेत आणले. त्या यंत्रासाठी गेम करण्यास इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने नकार दिला. फुटबॉलवाचून अमेरिकेत यंत्र खपणे कठीण; म्हणून सेगाने ‘व्हिज्युअल कन्सेप्ट्स’ या आपल्या पदरच्या मंडळीकडून स्वतःचाच फुटबॉल करवून घेतला. त्याचे नाव ‘एनएफएल २के’. म्हणजे मॅडनचा खरा प्रतिस्पर्धी मॅडनवाल्यांच्या नकारातूनच जन्मला. ड्रीमकास्ट २००१ मध्ये बंद पडले, पण त्याच्यासाठी जन्मलेला हा गेम इतर यंत्रांवर गेला आणि वाढला.

मग आले २००४. एका उन्हाळ्यात, एकाच विषयावर, दोन कलाकृती. जुलैमध्ये सेगाची ‘ईएसपीएन एनएफएल २के५’ आणि ऑगस्टमध्ये ‘मॅडन २००५’. मॅडनची किंमत सुमारे ५० डॉलर. सेगाने आपली ठेवली सुमारे २० डॉलर. दुकानदार गिऱ्हाइकाला जे सांगतो, ते यात आलेच. पण मला दोन्ही गेम खेळून पाहावयाचे होते. माझा एक भाचा अमेरिकेत असतो. त्याने आपले जुने यंत्र आणि दोन्ही तबकड्या आणून दिल्या. ते यंत्र एकशेदहा व्होल्टचे, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर जोडावा लागला, आणि उन्हाळ्याच्या सुटीभर आमच्या घरात पंखा आणि फुटबॉल यांचा गुणगुणाट एकत्र चालला होता.

‘मॅडन २००५’ मध्ये समालोचनाला स्वतः जॉन मॅडन आणि अल मायकल्स. दोघेही खरे, दोघांचे आवाज खरे. ‘२के५’ मध्ये समालोचन करणारे डॅन स्टीव्हन्स आणि पीटर ओकीफ हे दोघे चक्क कल्पित. अशी माणसे कुठे नाहीतच. नटांनी आवाज दिलेले आहेत. आणि तरी कादंबरीकार म्हणून मी शपथेवर सांगतो, की ती कल्पित माणसेच मला अधिक जिवंत वाटली. ती एकमेकांचे बोलणे ऐकत आहेत असा भास होतो. मॅडनसाहेब आपली एकेक वाक्ये पेटीतून काढून ठेवल्यासारखी उच्चारतात. सामन्याच्या मध्यंतरात ‘२के५’ मध्ये क्रिस बर्मन हे ईएसपीएन वाहिनीचे खरे निवेदक येतात आणि आपण नुकत्याच खेळलेल्या खेळातील क्षण पुन्हा दाखवतात. टीव्हीवर खेळ पाहणाऱ्याची सवय, त्याची मध्यंतराची उत्सुकता, हेही अनुकरणात घेतले पाहिजे हे त्या मंडळींना कळले होते.

हालचालींविषयी बोलायचे तर ‘२के५’ मधला धावणारा खेळाडू पकडला गेला की लगेच कोसळत नाही. तो वाकतो, खांदा घालतो, पकडणाऱ्याच्या अंगावरून आणखी हातभर पुढे सरकायला पाहतो. त्याला वजन आहे. मॅडनमध्ये त्या वर्षी एक नवी खुबी आणली होती. उजव्या बाजूची कळ झटक्यात दाबली, की आपला खेळाडू सर्व बळानिशी आदळतो. त्या धडकेची झिंग खासच. व्यूहरचनेच्या बाबतीतही मॅडन वरचढ. बेत आखायचा, प्रतिपक्षाचा बेत ओळखून ऐन वेळी तो फिरवायचा, हा बुद्धीचा भाग त्यात अधिक सखोल आहे. माझा कौल ‘२के५’ ला आहे, पण भाच्याचा मॅडनला, आणि आम्ही दोघांनी त्यावर जो काथ्याकूट केला तो मला चांगल्या साहित्यसंमेलनातील परिसंवादाहून अधिक बोधप्रद वाटला. दोन कर्ण होते ना आमच्यापुढे!

मॅडनवाल्यांनाही झळ लागली. हिवाळ्याच्या तोंडावर त्यांनी आपली किंमत ५० वरून सुमारे ३० डॉलरवर आणली. आणि मग १३ डिसेंबर २००४ रोजी जाहीर झाले, की इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने एनएफएल आणि खेळाडूंच्या संघटनेची व्यापारी शाखा यांच्याशी पाच वर्षांचा करार केला आहे. संघांची नावे, बोधचिन्हे, गणवेष, मैदाने ही लीगच्या मालकीची. खेळाडूंची नावे आणि चेहरे संघटनेच्या हाती. वाड्याच्या दोन्ही किल्ल्या एकाच गिऱ्हाइकाने विकत घेतल्या. पुढच्या महिन्यात त्याच कंपनीने ईएसपीएनशीही पंधरा वर्षांचा करार केला, म्हणजे ‘२के’चे मध्यंतरही गेले. त्याच जानेवारीत सेगाने व्हिज्युअल कन्सेप्ट्स ही संस्था ‘टेक-टू’ या कंपनीला २ कोटी ४० लाख डॉलरना विकून टाकली.

या सौद्यात फसवणूक नव्हती, हे आधीच म्हणून ठेवतो. ज्याचे नाव त्याने विकले. ज्याला परवडले त्याने घेतले. इजारा घेणाऱ्याइतकाच देणाराही त्याला कारण. पण समीक्षकाला बेकायदा काय एवढेच पाहून भागत नाही. कलेचे काय झाले?

ऑगस्ट २००५ मध्ये इजाऱ्यानंतरचा पहिला मॅडन आला. किंमत परत ५० च्या घरात. त्यात चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या नजरेचा एक प्रकाशझोत मैदानावर पडतो, आणि त्या झोतात जो असेल त्याच्याकडेच चेंडू नीट जातो, अशी कल्पना होती. कल्पना हुशारीची होती. पुष्कळांना ती जाचक वाटली आणि काही वर्षांनी ती गेलीही. नोव्हेंबरमध्ये नव्या ‘एक्सबॉक्स ३६०’ यंत्रावर तोच मॅडन ६० डॉलरना आला, तेव्हा जुन्या यंत्रावरचे कितीतरी भाग त्यातून गळालेले होते. म्हणून गेम वाईट झाला, असे मी सरसकट म्हणणार नाही. पुढे चांगली वर्षेही आली. माझी तक्रार निराळी आहे. तो चांगला झाला की वाईट, हे ठरविण्याचे मापच नाहीसे झाले. २००४ पर्यंत मॅडनची तुलना शेजाऱ्याशी होत असे. त्यानंतर ती फक्त गेल्या वर्षीच्या मॅडनशी होऊ लागली. वर्गात एकच मुलगा उरला, की त्याचा पहिला नंबर कुणी हिरावून घेत नाही. मास्तर म्हणून सांगतो, अशा मुलाची प्रगतिपुस्तके लिहिणे फार अवघड असते.

नावांवाचून काही करता येते का, हेही पाहून झाले. व्हिज्युअल कन्सेप्ट्सच्या मंडळींनी २००७ मध्ये ‘ऑल-प्रो फुटबॉल २के८’ काढला. लीग नाही, तिचे संघ नाहीत. संघ सगळे कल्पित आणि त्यांत दोनशेहून अधिक निवृत्त खेळाडू, कारण त्यांची नावे इजाऱ्याबाहेर होती. मैदानावरची अंगे, ते वजन, ती पकड, सगळे होते. गेम चालला नाही. दिवाळीत आपल्या मुलांचे किल्ले असतात ना, तसे हे झाले. समजा, रायगड, सिंहगड, प्रतापगड ही नावे आळीतल्या एकाच मंडळाला दिली. दुसऱ्या मुलाने त्याहून देखणा बुरूज रचला, हळीव पेरून हिरवळ आणली, खंदकात पाणी सोडले, आणि पाटीवर लिहिले ‘एक गड’. येणारे-जाणारे कौतुकाने पाहतील, पण थांबतील ते रायगडापाशी. त्यांना दोष तरी कसा द्यावा? नावाच्या मागे त्यांचे सारे लहानपण उभे असते.

नावांच्या या व्यापाराची एक दुसरी बाजू आहे, आणि ती मला इजाऱ्याहूनही अधिक अस्वस्थ करते. मॅडनमध्ये जुन्या काळचे गाजलेले संघही खेळायला मिळत. त्यांतील निवृत्त खेळाडूंना नाव नसे. अंगकाठी, वय, जागा, कौशल्य सारे त्या माणसाचे, पण पाठीवरचा आकडा बदललेला. निवृत्त खेळाडूंनी आपल्याच संघटनेवर दावा लावला, तेव्हा संघटनेच्या बाजूने गेम करणाऱ्यांना गेलेले एक पत्र पुढे आले. या खेळाडूंची ओळख पटणार नाही अशी उलटापालट करावी, अशी त्यात सूचना होती. नोव्हेंबर २००८ मध्ये ज्यूरीने संघटनेला २ कोटी ८१ लाख डॉलर भरावयास सांगितले. पुढच्या वर्षी २ कोटी ६२ लाख ५० हजारांवर तडजोड झाली. कादंबरीकार खऱ्या माणसाचे नाव बदलतो तो त्या माणसाची अब्रू राखण्यासाठी. इथे नाव खोडले ते त्याचा वाटा चुकविण्यासाठी.

कॉलेजच्या फुटबॉलचे तेच. त्याही गेमचा मक्ता त्याच कंपनीकडे होता. विद्यार्थी-खेळाडूंना पैसे घेण्यास बंदी, म्हणून गेममध्ये त्यांची नावे नसत. पण आकडा, उंची, वजन, जन्माचा प्रांत तंतोतंत. एड ओ’बॅनन हे बास्केटबॉलचे माजी खेळाडू. कॉलेजच्या बास्केटबॉलवर गेम होता त्यात त्यांनी स्वतःलाच पाहिले आणि २००९ मध्ये ते कोर्टात गेले. फुटबॉल खेळलेल्या विद्यार्थ्यांनीही त्याच वर्षी दावा केला. २०१४ मध्ये ६ कोटी डॉलरची तडजोड झाली. त्यांपैकी ४ कोटी गेमवाले आणि परवाना विकणारी संस्था यांच्याकडून, २ कोटी कॉलेजांच्या संघटनेकडून. जुलै २०१३ नंतर तो गेम निघालाच नाही. तो परत आला जुलै २०२४ मध्ये, आणि या वेळी दहा हजारांहून अधिक खेळाडूंना त्यांच्या खऱ्या नावाबद्दल प्रत्येकी ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत मिळाली. रक्कम थोडी आहे, पण नाव खरे आहे.

मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या माझ्यासारख्या मास्तराने अमेरिकन कोर्टांच्या निकालांत फार खोल शिरू नये. तथापि दोन गोष्टी सांगितल्याखेरीज राहवत नाही. २००८ मध्ये गिऱ्हाइकांच्या वतीने इलेक्ट्रॉनिक आर्ट्सवर दावा झाला, की इजारा मिळताच ३० डॉलरचा गेम परत ५० वर नेला. २०१२ मध्ये कंपनीने चूक कबूल न करता २ कोटी ७० लाख डॉलर देऊन तो मिटविला आणि कॉलेज-फुटबॉलचा एकमेव परवाना मुदत संपल्यावर पाच वर्षे घेणार नाही, असे मान्य केले. एनएफएलचा इजारा मात्र जसाच्या तसा राहिला. दुसरी गोष्ट टोप्यांची. एनएफएलने टोप्यांचा परवाना २००० साली एकट्या रीबॉकला दिला, तेव्हा ‘अमेरिकन नीडल’ नावाच्या जुन्या टोपीवाल्यांनी दावा लावला. लीगचे म्हणणे, की आम्ही बत्तीस क्लब मिळून एकच आहोत, तेव्हा आम्ही आपापसांत संगनमत कसे करणार? मे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नवाच्या नऊ न्यायाधीशांनी हे नाकारले. क्लब निरनिराळे धंदे आहेत; एकत्र येऊन एकालाच परवाना देणे योग्य की अयोग्य, याची तपासणी होऊ शकते, एवढेच ते म्हणाले. परवाना बेकायदा ठरविला नाही. पण टोपीवाल्याने जो प्रश्न विचारला, तो मला फार आवडला. तुम्ही बत्तीस असाल तर बत्तीस दारे हवीत.

इथवर वाचून कुणी सेगा-टेक-टूच्या बाजूचे नायक आणि मॅडनवाले खलनायक, अशी मांडणी करील तर ती मराठी चित्रपटाला साजेल, वस्तुस्थितीला नव्हे. फुटबॉल गेल्यावर टेक-टूने काय केले? लवकरच तिने बेसबॉलच्या बाबतीत तोच डाव टाकला. २००६ पासून २०१२ पर्यंत बाहेरच्या कंपन्यांत बेसबॉलचा गेम तीच काढणार, असा करार झाला. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा ‘एमव्हीपी बेसबॉल २००५’ हा रसिकांनी डोक्यावर घेतलेला गेम त्यामुळे त्या वर्षीच संपला. जे स्वतः भोगले तेच दुसऱ्याला दिले. गंमत अशी, की करारात एक फट राहिली होती. यंत्र बनविणाऱ्या कंपन्यांना आपापले गेम काढण्याची मुभा होती. त्या फटीतून सोनीचा ‘द शो’ वर्षानुवर्षे वाढत गेला आणि इजारदाराचा गेम रोडावत जाऊन २०१३ च्या आवृत्तीनंतर बंद पडला. हातात मक्ता असून हरलेला असा गडी विरळा.

बास्केटबॉलची कथा माझ्या म्हणण्याला अडचणीची आहे, म्हणूनच ती सांगायला हवी. एनबीएने २००५ मध्ये इजारा न देता पाच कंपन्यांना परवाने दिले. दार उघडे ठेवले. तरी काय झाले? इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने आपला जुना गेम बाजूला सारून ‘एनबीए एलिट ११’ करायला घेतला आणि २०१० मध्ये तो ऐन वेळी रद्द केला; नमुन्यादाखल दिलेल्या भागात एक खेळाडू मैदानाच्या मध्यभागी हात पसरून निश्चल उभा राहत असे. पुढे काही वेळा धडपड झाली, ती २०१८ मध्ये थांबली. त्या वाड्यात मग ‘एनबीए २के’ एकटाच उरला, आणि एकटा उरल्यावर त्यानेही एकट्याचे गुण दाखविले. गेम विकत घेतल्यावर आत पुन्हा पैसे मोजल्यावाचून आपला खेळाडू लवकर वाढत नाही, ही त्याच्याविषयीची जुनी तक्रार. आणि २०२० मध्ये ७० डॉलर किंमत प्रथम जाहीर करणाऱ्यांत तोच होता. तेव्हा दार उघडे ठेवले की शेजारी येतोच, असे नाही. परंतु आखाड्यात हरून गेलेला गडी आणि आखाड्याच्या दाराला कुलूप पाहून परतलेला गडी यांत मी भेद करीन. पहिला पुन्हा येऊ शकतो.

आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्ये हे कुलूप अर्धवटच लागले, आणि त्यातून जी धमाल झाली ती कुणा विनोदी लेखकाने लिहायला हवी. कोनामी या जपानी कंपनीकडे इंग्लंडच्या बहुतेक क्लबांचे परवाने नसत. म्हणून तिच्या गेममध्ये लिव्हरपूल ‘मर्सीसाइड रेड’ होई आणि मँचेस्टर युनायटेड ‘मॅन रेड’. पोरे घरी बसून हाताने खरी नावे भरीत. २०१९ मध्ये पारडे फिरले. युव्हेंटसचा एकमेव परवाना कोनामीने घेतला, आणि बलाढ्य ‘फिफा २०’ मध्ये तो क्लब ‘पिएमोंते काल्चो’ या नावाने अवतरला. त्याहून नवल म्हणजे, तीस वर्षे मिरवलेले ‘फिफा’ हे नावच इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २०२३ मध्ये सोडून दिले आणि त्याच धाटणीचा गेम दुसऱ्या नावाने काढला. क्लबांची आणि खेळाडूंची नावे हाती होती, म्हणून संस्थेचे नाव गेले तरी काही बिघडले नाही. कोणते नाव सोन्याचे आणि कोणते मुलाम्याचे, ते असे सोडून पाहिल्यावरच कळते.

आपल्या क्रिकेटला हे दुखणे वेगळ्या तऱ्हेने जडले. २००६ च्या अखेरीस आलेल्या ‘क्रिकेट ०७’ मध्ये इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचे परवाने होते, आपले नव्हते. माझ्या शाळेतली मुले सायबर कॅफेत तासाला दहा-पंधरा रुपये देऊन तो खेळत, आणि भारताच्या संघातली वाकडी नावे दुरुस्त करून देणारा एक मुलगा त्यांच्यात मोठ्या मानाचा असे. शुद्धलेखनात तो कच्चा होता. पण अकरा नावे त्याने कधी चुकविली नाहीत. पुढे ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४’ करणाऱ्या ऑस्ट्रेलियन मंडळींनी ही दुरुस्तीच गेमचा भाग केली; खेळणाऱ्यांनीच खेळाडू घडवावेत आणि एकमेकांना द्यावेत, अशी सोय ठेवली. मला हा मार्ग फार आपला वाटतो. ओव्यांना कुणी नाव लावीत नाही, पण प्रत्येक जात्यावर त्या नव्याने होतात, तसा.

मैदानावरच्या क्रिकेटमध्ये मात्र कुलपाचा प्रश्न आपल्याकडेही येऊन ठेपला आहे. प्रक्षेपणहक्कांच्या करारात क्रिकेट मंडळाने असे वचन दिले होते, की इंडियन प्रीमियर लीगशी स्पर्धा करील अशी दुसरी लीग आपण भरविणार नाही की मानणार नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१३ मध्ये त्याबद्दल मंडळाला ५२ कोटी २४ लाख रुपये दंड केला. अपिलात २०१५ मध्ये तो आदेश रद्द झाला. आयोगाने पुन्हा चौकशी करून २०१७ मध्ये तेवढाच दंड पुन्हा ठोठावला. मुलांनी वर्तमानपत्रांतील खेळाच्या पानाबरोबर अशा बातम्याही वाचाव्यात, असे मी वर्गात सांगतो. ती ऐकत नाहीत, हे वेगळे.

एनएफएलचा इजारा मूळ पाच वर्षांचा. पण तो वेळोवेळी वाढत गेला, आणि २०२० मध्ये आणखी काही वर्षांसाठी वाढविला गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये लीगने टेक-टूच्या ‘२के’ शाखेलाही एक परवाना दिला, पण अशा अटीवर, की तिने फुटबॉलचे गमतीचे, हलकेफुलके गेम काढावेत. खऱ्याचे अनुकरण करू नये. कलेच्या इतिहासात अशी अट मी दुसरीकडे वाचलेली नाही. नाव वापरा, पण खरे लिहू नका!

‘२के५’ मात्र मेलेला नाही. तिकडे काही हौशी मंडळी त्या २००४ च्या तबकडीत दर हंगामाला नव्या खेळाडूंची नावे, आकडे, बळाबळ भरीत असतात. त्या वेळी जे पाळण्यात होते, ते आता त्यात चेंडू फेकतात. भाच्याने माझ्या यंत्रात अशीच एक भरलेली यादी घालून दिली आहे. समालोचक तेच जुने, कल्पित. नवी नावे त्यांना उच्चारता येत नाहीत, म्हणून ते नुसता पाठीवरचा आकडा सांगतात आणि पुढे बोलत राहतात.